माणसाचंच प्रथिन

थर्माकोलचा खोका करकरत उघडला की मला अमरावतीची आमची प्रयोगशाळा आठवते. एका मे महिन्यात तिथे येणारं कुरिअर अकोल्यातच अडकलं. आमचे शिपाईमामा अकोल्याच्या दवाखान्यात भरती असलेल्या बायकोला भेटायला गेले होते. येताना ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला खोका एसटीत मांडीवर धरून आले. आत बर्फात इवलीशी कुपी होती. शरीराला आजाराशी लढायचा निरोप देणारं माणसाचं प्रथिन, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, असं मी हौसेने सांगितलं. मामा म्हणाले, "माणसाचंच हाय न, मॅडम? मंग आमच्या घरच्या बाईले काहून नाई देता येत?" मी नुसतं लेबलवर बोट ठेवलं: फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. "बरं," म्हणत त्यांनी कुपी जपून फ्रीजरमध्ये ठेवली आणि दुपट्टा पिळून खांद्यावर टाकला. अजूनही अशी कुपी हातात घेतली की माझा अंगठा आधी ती ओळ झाकतो.