वायरवाल्या ताई आणि आठ भोकांचा डबा

वायरवाल्या ताईंना केसपेपरवाले काका ओळखत होते, असं म्हणणं धाडसाचंच होईल. त्यांनी ताईंना जेमतेम पाच दिवस पाहिलं, आणि त्यातला बराच वेळ ताईंचं डोकं टेबलाखाली होतं. घरी कोण कोण आहे, मुलं काय करतात, काही ठाऊक नाही. नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

दवाखाना छोटा. पुढे काकांची खिडकी, मध्ये डॉक्टरीणबाईंची खोली, मागे औषधांची खिडकी. तिन्हीकडे संगणक होते, पण तिघांचा एकमेकांशी अबोला. काका रुग्णाचं नाव संगणकात लिहीत, मग तेच कागदावर उतरवत आणि कागद स्वतः आत नेऊन देत. दिवसाला साठ-सत्तर फेऱ्या व्हायच्या. हा अबोला मोडायला ताई आल्या होत्या.

वय पन्नाशीचं, गुडघे कुरकुरणारे, खांद्यावर वायरचं भलंमोठं वेटोळं. आधी त्या दिराच्या दुकानासाठी हेच काम करायच्या. हे काकांना कुणी सांगितलं नाही, ताई दवाखान्याच्या शिडीवरून बहिणीशी फोनवर बोलत असताना कानावर पडलं. "शिडीवर मी चढायचं आणि पाटीवर नाव त्यांचं. आता बास," त्या म्हणत होत्या. दवाखाना हे त्यांचं स्वतःचं पहिलंच काम. महिन्याभरात परत याल, असं दिराने हसत सांगितलं होतं. इकडे डॉक्टरीणबाईंनीही बजावलं होतं, की शनिवारी बारापर्यंत सगळं चालू हवं, नाहीतर त्या दिराच्याच दुकानाला बोलावतील.

ताई वायर सोलून आतल्या आठ तारा रांगेत लावायच्या आणि पाढे म्हणावेत तसं पुटपुटायच्या, "पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी..." तिसऱ्या दिवशी काकांनाही ते पाठ झालं. सगळ्या वायरी टेबलाखालच्या आठ भोकांच्या एका डब्यात येत होत्या. काकांनी भीत भीत विचारलं, "हा डबा करतो काय?"

"प्रत्येक संगणकाला एक नंबर दिलाय, काका. घरनंबरच समजा. तुम्ही चिठ्ठी पाठवली की डबा बघतो, हा नंबर कुठल्या भोकात राहतो. त्याच भोकात चिठ्ठी सोडतो."

"आणि माहीत नसलं तर?"

"तर सगळ्या भोकांत ओरडून विचारतो, हा नंबर कुणाचा बाबा? ज्याचा असेल तो ओ देतो. मग डबा लक्षात ठेवतो."

"म्हणजे माझंच काम करतो."

"हो, फक्त मध्ये चहाला थांबत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी खिडकीत नाव टाइप केलं आणि ते डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर उमटलं. काका आत जाऊन खात्री करून आले. दोनदा.

शनिवारी सकाळी ते लवकर आले. टेबलाखाली झाडताना त्यांना दिसलं, की एका वायरचं एक टोक डब्यात आहे आणि दुसरं बाहेर लोंबतंय. ती ताईंनी तपासणीसाठी ठेवलेली जादा वायर होती, पण काकांना ते काय माहीत? लोंबणारी वस्तू त्यांना बघवत नसे. त्यांनी ते टोक एका रिकाम्या भोकात हळूच बसवलं, 'टक' असा समाधानकारक आवाज आला, आणि मग केसपेपर बांधायच्या दोऱ्याने सगळ्या वायरींची सुबक मोळी बांधून ते खिडकीत जाऊन बसले.

दवाखाना उघडला तेव्हा तिन्ही संगणक मुके झाले होते. काकांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. ताई धावत आल्या. मागच्या खिडकीपासून एकेक वायर कापून नवीन टोक लावू लागल्या. साडेअकरा झाले तेव्हा त्या डब्यापाशी पोचल्या. डब्यावरचे सगळे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते.

"हा नुसता ओरडत सुटलाय," ताई जमिनीवर बसून म्हणाल्या. "एका भोकातून ओरडलेलं दुसऱ्या भोकातून परत आत आलं, तर त्याला वाटतं कुणी नवीन विचारतंय. मग तेच परत ओरडतो. त्या गोंधळात खऱ्या चिठ्ठ्यांना वाट कुठून मिळणार?"

"पण परत आत येईल कसं?"

"एकाच वायरची दोन्ही टोकं डब्यात घातली तर. पण असं कोण करेल? दिवसभर उपाशी ठेवलं तरी मी नाही करणार."

काकांची कानशिलं तापली. ते उगाच पेन शोधू लागले. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. दिराचा आवाज काकांपर्यंत येत होता. "वहिनी, डॉक्टरीणबाईंनी फोन केला होता. येऊ का मी? तुमची शिडी अजून दुकानात तशीच आहे बरं."

"बघते, भाऊजी," ताई म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना काकांनी त्यांना ऐकलं नव्हतं.

काका खुर्चीवरून उठले. "ताई, डब्यात वायरी पाच हव्यात ना? तीन संगणकांच्या, एक प्रिंटरची, एक बाहेरून येणारी इंटरनेटची?"

"हो."

"टोकं सात आहेत. दोन... म्हणजे एक तुमचं आणि एक माझं."

ताईंनी दोऱ्याची मोळी पाहिली, काकांकडे पाहिलं, आणि वायर उपसून काढली. दिवे शांत झाले आणि तिन्ही संगणक पुन्हा बोलू लागले. मग त्या इतक्या हसल्या, की त्यांना टेबलाचा पाय धरावा लागला.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "काय झालं होतं?"

"काही नाही, एक वायर जरा..." ताईंनी सुरुवात केली.

"मी केलं," काका म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांनी बाईंसमोर कुणाचं बोलणं असं मध्येच तोडलं नव्हतं. "ताईंचं काम कालच चोख झालं होतं. आज सकाळी मी आवरलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं आवरायला?"

"कुणी नाही."

बाई ताईंकडे वळल्या. "ताई, माझ्या नणंदेच्या दवाखान्यातही हे करायचंय. नंबर देऊन ठेवा. आणि काका, तुम्ही त्या टेबलाखाली जायचं नाही."

ताईंनी दिराला फोन लावला. "येऊ नका, भाऊजी. आणि ती शिडी माझीच आहे, उद्या न्यायला येते."

त्या वायरींनी पुढे कधीच कुरकुर केली नाही, त्यामुळे ताईंना पुन्हा यायचं कारणच पडलं नाही. त्या शनिवारी ताई निघाल्या तेव्हा काकांना नीट माफी मागायची होती, पण जीभ रेटली नाही.

"दार ओढून घेऊ का, काका?" ताईंनी विचारलं.

"उघडंच असू द्या," काका म्हणाले, "अजून रांग आहे."