वहिनीसमोर उभं राहण्याची तालीम

समाजकार्य शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मी आमच्या जिल्ह्यातल्या एका कारागृहात दर बुधवारी जाऊ लागले. दहा बंदी, तासभर वेळ, गोल करून बसायचं आणि बोलायचं. कागदोपत्री याला गटकार्य म्हणतात. पहिले तीन बुधवार मी एकटीच बोलले. चौथ्या बुधवारी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमी दमल्या आसाल. आता आमी बोलतो."

घोडेगावच्या बाजारात त्यांची सगळी हयात जनावरांच्या दलालीत गेलेली. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. गट खरा सुरू झाला तो त्या दिवसापासून.

गटात पाथर्डीकडचा एक ऊसतोड कामगार होता. तिशीतला, अंगानं काटक, बोलायला अगदी हळू. बांधाच्या भांडणात त्यानं थोरल्या भावावर कोयता चालवला होता. भाऊ वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे याला वाढवलं ते वहिनीनं. शिक्षा लागल्यापासून ती एकदाही भेटीला आली नव्हती. सुटकेला चार महिने राहिले आणि हा जेवेनासा झाला.

"बाकी कुनाचं काई वाटत न्हाई, ताई," तो म्हणाला. "वहिनीसमोर कसं जाऊ?"

मी म्हटलं, "इथंच जाऊन बघू या. कुणीतरी वहिनी व्हा."

सगळे हसले. मामांनी शांतपणे खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, मिशा झाकल्या आणि मांडी घालून भाकरी थापायला बसले. हशा आवरेना. दारातला शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसत होता. आमचा गडी चार पावलं मागं गेला आणि 'घरी' आला.

"आलास व्हय?" मामांनी मान वर केली नाही. "हात धू. बस."

तो बसला. "वहिनी, झालं गेलं..."

"तुझ्या भावाला भाकरी मोडाया येत न्हाई. रोज मी मोडून देते. ठावं हाय का तुला?"

तो उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं होतं, अशा वेळी काय करावं ते. मला त्यातलं एक अक्षर आठवेना. मामांनीच टॉवेल काढला, जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

वाटलं होतं, तो आता येणार नाही. पुढच्या बुधवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. "परत घ्या," म्हणाला.

मग आमच्या तालमीच सुरू झाल्या. तो म्हणायचा, रागाच्या भरात झालं. मामा म्हणायचे, "झालं म्हनू नको. ताप होतो, खोकला होतो. ह्ये तू केलं." तो म्हणायचा, दारू प्यालो हुतो. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, "तिला दारूचं नको सांगू, तिला समदं ठावं हाय." एकेक शब्द गळत गेला. सहाव्या बुधवारी तो नुसता एवढंच म्हणाला, "वहिनी, दादाला मी मारलं." मामांनी डोक्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला.

राहात्याच्या बाजारात पूर्वी कारकुनी केलेला एकजण गटात होता. तेच वाक्य त्यानं सुवाच्य अक्षरात पोस्टकार्डावर लिहिलं. रीतसर तपासून ते गावी गेलं. उत्तर आलं नाही.

पंधरावीस दिवसांनी आमचा गट बसलेला असताना शिपायानं येऊन याचं नाव पुकारलं. मुलाखत आली होती. भेटायला आलेल्या बाईचं नाव ऐकून तो जागचा हलेना. मामांनी त्याला अक्षरशः दंडाला धरून उठवलं.

वीस मिनिटांनी तो परतला.

"काय म्हनली?" मामांनी विचारलं.

"म्हनली, वाळलास लई."

"आन् तू?"

"मी काईच न्हाई. रडाया आलं."

"मग सहा आठवडे मला बाई कशापायी बनवलं?" मामा असे करवादले की सगळे पोट धरून हसले. तोही हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मी बाहेर आले तेव्हा फाटकासमोरच्या लिंबाखाली एक माणूस उभा होता. उजवा हात त्यानं सदऱ्याच्या आत धरला होता. शेजारी बसलेली बाई डोळे पुसत होती. तो पुढे आला. "ताई, तुमी आतून आलात न्हवं? जेवतो का त्यो?"

निरोपाची ने-आण आम्हाला मना आहे. मी फक्त "जेवतो" म्हणाले. ते खरं नव्हतं. पण त्या दिवशी संध्याकाळी तो जेवला, असं मला पुढच्या बुधवारी कळलं.

सुटल्यावर तो लगेच गावी गेला नाही. जिल्ह्यातल्याच नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये लागला, खोली घेतली. मध्यंतरी मी त्याच भागात बसची वाट बघत होते, तर मागून हाक आली, "ताई!" जरा भरला होता. हातात कपड्यांची पिशवी होती.

"गावाला चाललो. दादानं पेरनीला बोलवलंय."

"बोलतो का दादा?"

"कामापुरतं. पन फोन त्यानंच केल्ता. मामास्नी सांगा."

"सांगते. सुट्टी मिळाली का पण?"

"न्हाई दिली. खाडा पडंल. पडू दे की."

तेवढ्यात एसटी आली. तिथं ही गर्दी! तो धावला, खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली आणि दारातल्या रेटारेटीत शिरला.