रुमालाखालची क्रूझ

सक्करदऱ्यातले आमचे शेजारचे काका कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते. संत्रं नुसतं हातात धरून ते भाव सांगतात, पण क्रूझची दोन माहितीपत्रकं त्यांना महिनाभर पेलेनात. लक्षद्वीप की अंदमान? दिसेल त्याला थांबवायचे, "हे पाय गा, तूच सांग!" काकूंचं मात्र ठरलेलं, "तुम्ही म्हणान तसं."

रविवारी ते आमच्यासमोरच वैतागले. "काहून वं, तुले मनच नाही काय?" मग बाजारात पूर्वी गुपचूप बोटं दाबून भाव ठरवायचे, तसा दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. "एक बोट लक्षद्वीप, दोन बोटं अंदमान. कोणाले दिसत नाही. दाब."

काकू लाजल्या. रुमाल हलला. काका उडालेच.

"अवं, तीन?"

"दोन्हीकडे जाऊ ना," काकू म्हणाल्या. रुमालाखालचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.