थोरल्याची जागा

"मरणार कधी तेवढं सांगा बाई. बाकीचं पाल्हाळ नको."

"तारीख मला सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखे शंभर जण घेतले, तर पाच वर्षांत त्यातले तीसेक जातात. नुसतं आतड्याचं जुनं दुखणं असतं तर चार-पाचच गेले असते. पण तुम्हाला साखर आहे, मूत्रपिंड थकलंय, गेल्या साली फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. हे सगळं एकत्र धरावं लागतं."

थोरल्याला ते चटकन उमगलं. हयात कत्तलखान्यात गेलेली. "आमच्याकडचा जनावरांचा डॉक्टर पण असंच बघतो की. नुसतं आतडं सुजलेलं निघालं तर तेवढं फेकायचं, मांस पास. आतडं, काळीज, फुप्फुस सगळंच बिघडलेलं निघालं की अख्खं जनावर भट्टीत."

"तुम्ही अजून चालताबोलता आहात. बिडी सोडा, साखर आवरा, गोळ्या चुकवू नका. तीसचे वीस होतील."

शेजारी त्याचा धाकटा भाऊ बसला होता. तीस, वीस ह्या भानगडीत तो पडला नाही. त्याच्या डोक्यात पाच वर्षं आणि भट्टी एवढंच शिरलं.

थोरला म्हणजे गळ्यावरचा माणूस. डोक्यात घण खाऊन रेडा गुडघ्यावर आला की पहिली सुरी त्याची. एकच ओढ, आणि रक्त फरशीतल्या चरात. ही जागा त्याला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. आधीच्या माणसाचा जबडा फोडून त्यानं ती घेतली होती, आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं. तिशीत आतडं बिघडलं. उठल्यासुटल्या पळावं लागे, रक्त पडे. एकदा संडासात कुणी गाणं म्हणत बसला होता, तर थोरल्यानं कडीसकट दार उखडलं आणि त्या गवयाला होता तसा बाहेर भिरकावला. तेव्हापासून तो त्या बाजूला निघाला की वाट आपोआप मोकळी होई. "बाहेर रेड्याचं, आत माझं. रक्ताला आपल्याकडं तोटा नाही," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी तो एप्रन बांधत आत आला, तर त्याच्या जागेवर धाकटा उभा. हातात थोरल्याचीच सुरी. मुकादम भिंतीला टेकून दात कोरत होता.

"सरक."

"मुकादमांशी बोललोय मी. आजपासून इथं मी."

"मेलो का मी?"

"मेल्यावर काय उपयोग? तू पडलास की हे मुकादम स्वतःचा मेहुणा आणून उभा करतील. आपल्या घरचं कोण राहील मग? मी काय जन्मभर कातडीच ओढू?"

थोरल्यानं उत्तर कपाळानं दिलं. धाकट्याच्या नाकाचं हाड कडकन मोडलं, सुरी फरशीवर पडली. पण भावाचं कुठं दुखतं ते धाकट्याला पक्कं ठाऊक. त्यानं गुडघा नेमका बेंबीखाली घातला. थोरल्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, विजारीत ऊन ओल उतरली. वाकल्या वाकल्याच त्यानं धाकट्याचे पाय ओढले. दोघं चरात, शिळ्या रक्तात. थोरल्यानं त्याचं तोंड सिमेंटच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात निखळून रक्ताबरोबर वाहत गेले. मग केसांना धरून त्यानं मान मागं ओढली, सुरी उचलली आणि रोज जिथं टेकवायचा तिथंच टेकवली. कातडी चिरून बारीक रेघ उमटली.

घणवाल्यानं घण खाली ठेवला. मध्ये कुणी पडलं नाही.

"शंभरातले सत्तर जगतात," थोरला धापा टाकत म्हणाला.

"तू त्या सत्तरांतला कशावरून?" धाकटा तोंडातल्या रक्तातून बरळला.

थोरल्यानं मान वर केली. मुकादम मजेत बघत होता. एक भाऊ मसणात आणि दुसरा तुरुंगात गेला, की मेहुण्याची सोय आजच लागणार होती.

थोरल्यानं सुरी गळ्यावरून काढली. तशीच हातात घेऊन तो मुकादमापुढं जाऊन उभा राहिला.

"मी पडलो तर माझ्या जागी हा. तुमचा मेहुणा ह्या दारात दिसला तर घणाखाली मी स्वतः धरीन त्याला. ऐकलंत?"

सुरीचं टोक मुकादमाच्या शर्टाच्या गुंडीला लागलं.

"ऐकलंत का विचारलं."

"ऐकलं रे बाबा."

"आम्ही पण ऐकलं," घणवाला म्हणाला.

थोरल्यानं धाकट्याला दंडाला धरून उभा केला, तोंडात फडकं कोंबलं. "आणि तू. मी उभा आहे तोवर इथं पाय ठेवलास तर उरलेले दात पण पाडीन. सुरी धरतो चमच्यासारखी आणि म्हणे गळ्यावर उभा राहतो. कातडी ओढता ओढता माझ्या हाताकडं बघत जा."

संडासात जाऊन त्यानं विजार धुतली, पिळली आणि ओलीच चढवली. बाईंची गोळी कोरडीच गिळली आणि वर बिडी पेटवली.

दारातून पुढचा रेडा आत ढकलला. घण बसला, रेडा गुडघ्यावर आला. थोरल्यानं बिडी ओठांत धरूनच शिंग पकडलं, मान वळवली आणि सुरी ओढली.