मेतकुटाचा वेस्ट बे

वैदेही गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका छापखान्यात बांधकाम मजुरांच्या सभेच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. दोह्याहून आई बोलत होती. "मेंदूत रक्तस्राव झाला गं... सकाळी चहा घेता घेता." आणि लगेच पुढच्या वाक्यात, "सगळे म्हणतायत, जपानला पाठवायलाच नको होतं." त्याला काही आठवडे झाले. राग उतरलेला नाही आणि मला तो उतरवायचाही नाही. म्हणून आधी हेच सांगते. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, रक्तवाहिनीतला दोष जन्मापासूनचा असावा, ती कुठेही फुटली असती. वैदेही इंजिनिअर झाली असती तरी फुटली असती. मग मात्र कुणी म्हणालं नसतं, की हिला गणित कशाला शिकवलं.

आम्ही दोघी दोह्यात एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो. तिचे आईबाबा मूळचे नाशिकचे. तिचे बाबा, म्हणजे आमचे शेजारचे काका, वेस्ट बे या उंच टॉवरांच्या भागातल्या ऑफिसात रस्त्यांचे इंजिनिअर. कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवायला मिळाला आणि सगळं शहर खणायला घेतलं. काकू सकाळी खिडकीची कड पुसायच्या, दुपारपर्यंत तिच्यावर पुन्हा बोटानं नाव लिहिता यायचं. सिग्नलला आमच्या स्कूलबसशेजारी कामगारांची बस थांबायची, आत काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं. आम्ही रोज बघायचो. पुढे मी त्यावर पत्रकं लिहायला लागले, ती चित्रं काढायला मुंबईच्या कलाशाळेत गेली आणि तिथून वर्षभरासाठी एक्सचेंज स्टुडंट म्हणून क्योटोला. "परत येऊन करणार काय?" काकांनी विचारलं. "परत आल्यावर बघू ना, बाबा. आत्ता जाऊ तर द्या."

तिथे पहिले कितीतरी दिवस तिला चित्र काढूच दिलं नाही. दगड कुटायचा, पाण्यात धुवायचा, जाड कण वेगळे, बारीक वेगळे. मग जनावराच्या कातड्याचा सरस मंद आचेवर वितळवून त्यात ती पूड बोटानं घोटायची. हा त्यांचा रंग. मुलं सुट्टीला घरी निघाली तेव्हा सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या सरांनी, सगळ्यांना सांगितलं, आपापल्या गावची माती आणा. वैदेही दोह्यात आली आणि काकूंना म्हणाली, "आई, खिडकीतली धूळ टाकू नकोस, मला हवीय."

"माझ्या घरात धूळ नसते," काकू म्हणाल्या. हातात फडकं होतंच.

तरी त्यांनी बरणीभर जमवून दिली. आणि लेकीचे तिकडे खायचे हाल होतात म्हणून तसल्याच दुसऱ्या बरणीत मेतकूट दिलं. चिठ्ठी कशावरच नाही. "वासावर कळतं की," म्हणाल्या. क्योटोत वैदेहीला सणसणीत सर्दी झालेली, वास कुठला यायला. चित्र होतं कामगारांच्या बसचं, पुढे खिडक्यांत झोपलेली माणसं आणि मागे वेस्ट बेचे टॉवर. माणसं तिनं धुळीनं रंगवली. टॉवरना हात घातला त्या दिवशी बरणी बदलली. सेन्सेई मागे उभे राहिले, हुंगले आणि म्हणाले, तुमच्याकडच्या मातीला फारच भूक लागणारा वास आहे. त्याच दिवशी तिनं मला फोन केला. हसून हसून धड बोलता येत नव्हतं तिला. तिकडचा पावसाळा दमट... थोड्याच दिवसांत वेस्ट बेला बुरशी आली.

खरवडून पुन्हा कर, सगळे म्हणाले. हिनं बुरशी वाळवली आणि तशीच ठेवली. "माणसं टिकली, टॉवर नासले. मी मुद्दाम केलं असतं तर तुझ्या पत्रकासारखं वाटलं असतं," मला म्हणाली. हा टोमणा मी अजून जपून ठेवलाय. वर्षाअखेरच्या प्रदर्शनासाठी कॉलेजला तिच्याकडून हत्ती नाहीतर घाट हवे होते. तिनं बसच लावली. एका बाईंनी विचारलं, हे भारतातलं का? "नाही, माझ्या घरचं आहे," ती म्हणाली.

चादरीत गुंडाळून तिनं ते चित्र दोह्याला आणलं. काकांनी टॉवर लगेच ओळखले. "माझ्या ऑफिसला बुरशी लावलीस होय गं?" हसले, पण भिंतीवर लावू दिलं नाही. "घरी कंपनीतली माणसं येतात. नोकरी आहे माझी इथे." चित्र कपाटामागे गेलं, भिंतीकडे तोंड करून. वैदेही रोज ते बाहेर काढायची, काका रोज आत ठेवायचे. ती गेली त्या दिवशी ते आत होतं.

शोकसभेसाठी मी दोह्याला पोचले तेव्हा तिथल्या मराठी मंडळाचे एक गृहस्थ तिचं चेरीच्या फुलांचं चित्र फोटोशेजारी ठेवायला मागत होते. "सुंदर आहे, वहिनी. लोक रडायला येणार, प्रश्न विचारायला नाही."

"ते तिनं कॅलेंडरवाल्यांसाठी काढलं होतं, कंटाळत," काकू म्हणाल्या. "तिचं चित्र कपाटामागे आहे."

"अहो, पण सगळ्यांच्याच नोकऱ्या आहेत इथे..."

"माझी नाहीये. आणि त्यातले टॉवर माझ्या मेतकुटाचे आहेत."

मी तोंड उघडणार होते, गरज पडली नाही. काका उठले, आत गेले, चित्र घेऊन आले. सभेत ते स्वतः त्याच्या शेजारी उभे राहिले. लोकांनी प्रश्न विचारलेच. काका प्रत्येकाला सांगत होते, ही कामगारांची बस, हे माझं ऑफिस. चेरीचं चित्र घरीच राहिलं.

बस आता त्यांच्या हॉलमध्ये आहे, दारातून शिरताच समोर. काकू अजून रोज खिडकी पुसतात, फक्त फडकं बाल्कनीतून झटकत नाहीत, वर्तमानपत्रावर झटकतात. सेन्सेईंनी पुढच्या मुलांसाठी धूळ मागवलीय. मी निघाले तेव्हा पोस्टात टाकायची बरणी काकूंनी माझ्या हातात दिली. या वेळी वर चिठ्ठी होती, ठसठशीत मराठीत: धूळ. भातावर घेऊ नये.