कुलूप लावणाऱ्यासाठी प्रार्थना

शत्रूवर प्रेम करा, छळणाऱ्याला आशीर्वाद द्या, हे रविवारी बाकावर बसून ऐकायला फार छान वाटतं. समोर पाळक असतात, डोक्यावर पंखा असतो आणि शत्रू त्याच्या घरी असतो. त्यातून आम्ही वर्ध्याचे. चर्चमधून निसटलं तरी सेवाग्राम जवळच, तिथेही साधारण हेच सांगतात.

आमचा शत्रू भिंतीपलीकडे राहायचा. निवृत्त हेडक्लार्क, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. भांडण शेवग्यावरून झालं. आमच्या झाडाचा पाला त्यांच्या अंगणात पडायचा. त्यांनी झाड तोडायला सांगितलं, तर मी म्हटलं, "काका, पाल्याले मी पत्ता देत नाई. तो आपल्या मनानं येते." हे वाक्य सुचल्याचा मला दिवसभर आनंद होता. मग एके सकाळी दोन घरांमधल्या बोळाला लोखंडी फाटक बसलं आणि त्याला कुलूप. बोळ कागदोपत्री त्यांचा होता, पण वर्षानुवर्षं वापरत आम्ही दोघेही होतो.

मागच्या सपाट रस्त्याला निघणारा तो बोळ म्हणजे आईचा रस्ता होता. लकवा झाल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत असते. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा इतका उंच झाला, की आमचं दार खड्ड्यात गेलं आणि मधे उघडी नाली. ऑटोवाल्याने आणि मी एकदा तिला खुर्चीसकट उचलून पाहिलं, तर खुर्ची नालीवर कलंडली. "मी काय कापसाचं गाठोडं आहे?" म्हणाली आणि पुन्हा कुणाला उचलू दिलं नाही. म्हणजे फाटक बसलं आणि तिचं चर्च बंद झालं. नर्सच्या नोकरीत रात्रपाळी संपवून ही बाई थेट उपासनेला जायची. आता तिला एवढंच हवं होतं, की प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या रविवारी मंडळीत बसायला मिळावं. पाळक म्हणाले, मी घरी येऊन देतो. तिने हात जोडून नको म्हटलं. ते सगळ्यांच्या पंगतीत घ्यायचं असतं, खोलीत बसून औषधासारखं नाही, असं तिचं म्हणणं.

मी नगर परिषदेत तक्रार करायला निघाले. आई म्हणाली, "आधी त्यायच्यासाठी प्रार्थना कर." केली. "प्रभू, काकांच्या कुलुपाले गंज चढू दे, आन् जमलं तं काकांलेही." आईने चालत्या हाताने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की दुसऱ्या हाताची उणीव भासू नये.

त्यातच चर्चच्या महिला मंडळाची सभा आमच्या घरी आली. ही सभा पाळीपाळीने प्रत्येकीकडे भरते. घरचं माणूस प्रार्थनेचे विषय सांगतं आणि मग सगळ्याजणी एकदम, मोठ्याने प्रार्थना करतात. आईने विषय दिला, "शेजारचे भाऊ." फाटकाचा उल्लेख नाही, कारण तिच्या मते ती चहाडी झाली असती. आता आमच्या मंडळात विषय म्हणजे दुखणं. गुडघे, शुगर, पित्ताचे खडे. बायका धरूनच चालल्या, की भाऊ शेवटच्या घटका मोजतायत. काय स्वर लावला! "प्रभू, ह्या भावाच्या देहावर हात ठेव! त्याला खाटेवरून उठव!" भाऊ तेव्हा भिंतीपलीकडे तुळशीला पाणी घालत होते.

जाताना बायकांनी त्यांच्या दारात पपई नेऊन ठेवली आणि काळजी घ्या म्हणाल्या. ते मोहल्ल्याने पाहिलं. आजाऱ्याला भेटायच्या बाबतीत आमचा मोहल्ला फार तत्पर आहे. कुणी नारळपाणी आणलं, कुणी सावंगीच्या कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते सांगून गेलं, एकाने तर सरळ विचारलं, "पोराले कळवलं का?" प्रत्येकाला चहा. मी खिडकीआडून पाहत होते आणि पदर तोंडात कोंबून हसत होते. आशीर्वादात एवढी मजा असते हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

शेवटी काका बोळातून आमच्या दाराशी आले. "सिस्टर," म्हणाले. सगळा मोहल्ला आईला अजून सिस्टरच म्हणतो. "हे बंद करा. मी काय मरून राह्यलो काय? लोकं मले पाहाले येऊन राह्यले. तुमी प्रार्थना बंद करा, मी कुलूप काढतो. आत्ताच." किल्ली काढलीसुद्धा खिशातून.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "नाई भाऊ. शिव्या देत असती तं बंद केल्या असत्या. आशीर्वाद कसा बंद करू? हळू करीन म्हनते."

किल्ली खिशात परत गेली. मग मी आईला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हातात आलेला रविवार तिने घालवला होता. काकांचा राग तर होताच, पण त्या दिवशी त्याहून जास्त आईचा आला, आणि तिला हे शिकवून ठेवणाऱ्या प्रभूचाही.

तोवर रोज मोठ्याने करायची ती प्रार्थना त्यानंतर ती पुटपुटतच करू लागली. बाजूला बसूनही मला शब्द लागेना. काकांकडची वर्दळ थांबली. असे काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी भिंतीवरून डोकं वर आलं.

"सिस्टर, आवाज नाई येऊन राह्यला."

"हळूच करते, भाऊ."

"पन करून राह्यल्या ना? माझ्यासाठी?"

"रोज."

"मंग मोठ्यानं करा जरा. मनातल्या मनात काय म्हनता, कोनाले माहीत."

"आन् कुलूप, काका?" मी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे." डोकं खाली गेलं. जन्मभर एका फाइलीतला कागद दुसऱ्या फाइलीत जाऊ दिला नव्हता माणसाने, तो आता काय देणार.

प्रभुभोजनाच्या रविवारी आईने माझ्याकडून पांढरी साडी नेसवून घेतली आणि खुर्ची फाटकाशी न्यायला सांगितली. "कुलूप आहे," मी म्हटलं. "मले दिसते," ती म्हणाली. आम्ही दोघी बंद फाटकासमोर थांबलो. ऊन चढत होतं, रस्त्याने जाणारे बघून जात होते, मला लाज वाटत होती आणि तिला अजिबात वाटत नव्हती.

बऱ्याच वेळाने काका बनियानवरच बाहेर आले. आमच्याकडे न बघता त्यांनी कुलूप काढलं. "रविवारपुरतं," एवढंच म्हणाले.

फाटकातून जाताना आईने मला थांबवलं आणि हात वर केला. मोठ्या माणसाचा हात वर आला की आपल्याकडे मान आपोआप खाली जाते, त्याला धर्म विचारावा लागत नाही. त्यांची मान गेली. आईचा हात त्यांच्या टकलावर टेकला आणि टेकलेलाच राहिला. चर्चला उशीर होत होता, माझा त्या माणसावरचा राग शाबूत होता, पण काका रडत होते आणि मला खुर्ची पुढे ढकलता येईना.