गाडीच्या पोटाखालचं नाव

जरा जवळ या, कारण हे मी मोठ्यानं बोलणार नाही. मोठ्यानं बोलणं हा खरं तर माझा धंदा. कोल्हापुरात पंचवीस वर्षं मी सूत्रसंचालन केलं — बारशी, साखरपुडे, मंडळांचे गणपती, निवृत्तीचे सत्कार. माझ्या हातात माइक आला की थांबवायला लाइट घालवावी लागते, असं लोक म्हणत. माझ्या लग्नात मी घोडीवरून कसा घसरलो, हे मी इतक्यांदा रंगवून सांगितलंय की आता माझ्या गोष्टीत घोडीसुद्धा हसते. असा मी. आणि तरी ही एक गोष्ट मी कधीच, कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी — तीच खरी.

सुरुवात गमतीची आहे. माझ्या सगळ्याच गोष्टींची असते.

बायकोला न्यूझीलंडमधल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. आम्ही दोघं आणि मुलगी, सगळेच निघालो. माझे वडील — अण्णा — यायला तयार नव्हते. भूगोलाचे मास्तर, सगळं जग नकाशावर पाहिलेलं, प्रत्यक्षात गोव्यापुढं गेलेले नाहीत. बहीण दोन गल्ल्या सोडून राहते, ती त्यांचं बघणार होती. प्रश्न उरला गाडीचा. निळी, चार दारांची, निवृत्त झाल्यावर अण्णांनी हौसेनं घेतलेली. नजर कमी झाल्यावर त्यांनी चालवणं सोडलं होतं, पण रोज सकाळी बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय चहा घेत नसत. ती विकायची हे त्यांना सांगणार कोण?

निरोपाचं जेवण ठेवलं होतं. तांबडा-पांढरा, सत्तर माणसं, आणि माइक. तुम्हीच सांगा, माझ्यासारख्यापुढं सत्तर माणसं आणि माइक ठेवावा का? मी म्हणून टाकलं, "मंडळी, मी जातोय विमानानं, पण अण्णांची गाडी येणार माझ्या मागोमाग — जहाजानं!" काय टाळ्या पडल्या! अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मलाही ते खरं वाटत होतं.

चौकशी मी नंतर केली. मुंबईचा एजंट फोनवर हसलाच. एवढी जुनी गाडी तिथल्या नियमात पास होणार नाही, आणि जहाजाचं भाडं गाडीच्या किमतीच्या वर जाईल. "साहेब, इथली इथं विका, तिकडं दुसरी घ्या. सगळे तेच करतात." बरोबर होतं त्याचं. मला घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं. अण्णा दोन दिवस गप्प बसले असते. तिसऱ्या दिवशी बोलले असते.

घरी गेलो, तर अण्णा ॲटलास उघडून बसलेले. पेन्सिलीनं जहाजाचा रस्ता आखत होते — मुंबई, कोलंबो, सिंगापूर. मी काय केलं? वाकून नकाशात बोट ठेवलं आणि म्हणालो, "अण्णा, ऑस्ट्रेलियाला खालून वळसा घालतात."

इथपर्यंत ऐकून तुम्ही हसला असाल. मीही हसायचो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबू मेस्त्रींचं गॅरेज. गाडी नवी आली त्या दिवसापासून तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता. मेस्त्री सत्तरीचे, अण्णांपेक्षा थोडे लहान. ते अण्णांना मास्तर म्हणत, अण्णा त्यांना बाबू. रोज संध्याकाळी अण्णा गॅरेजसमोरच्या बाकावर जाऊन बसत आणि दोघं जगाच्या गप्पा मारत. तिथंच मी एकदा, थापेला जरा रंग यावा म्हणून, एक खरी गोष्ट सांगितली. न्यूझीलंडमध्ये गाडीला मातीचा कण चिकटलेला चालत नाही. वाळलेलं गवत नाही, बी नाही, किडा नाही. गाडी बंदरावरूनच परत.

"कण म्हंजे? येक कणबी न्हाय?" मेस्त्रींनी विचारलं.

"एकही नाही."

"मग सोड माझ्यावर."

बारा दिवस. बारा दिवस तो माणूस गाडी वर चढवून, खाली पोतं अंथरून, पाठीवर पडून होता. आधी तारेचा ब्रश, मग खिळा, शेवटी दात घासायचा ब्रश. मडगार्डच्या आतून, चॅसीच्या सांध्यांतून, जिथं हात पोचत नाही तिथून बोटाला चिंधी गुंडाळून त्यांनी माती काढली. खालून ओरडायचे, "मास्तर, ही गगनबावड्याची बघा, तांबडी!" अण्णा बाकावरून विचारायचे, "आणि काळी कुठली रे?" मेस्त्रींचा मुलगा संजय वैतागायचा, "बाबा, गिऱ्हाइकं खोळंबल्यात की!" त्यावर गाडीखालून उत्तर, "खोळंबू देत. ही परदेशाला चाललीया, तुझी गिऱ्हाइकं गडमुडशिंगीला!" मी मजुरीचं नाव काढलं तर पाना उगारला माझ्यावर.

मी रोज तिथं उभा होतो. रोज. मला बोलता येत नव्हतं, असं म्हणू? मला?

शेवटच्या दिवशी त्यांनी खालून काळा रंग मारला. तो वाळल्यावर पेट्रोलच्या टाकीशेजारी पिवळ्या ऑइल पेंटनं लिहिलं — बाबू मेस्त्री, कोल्हापूर. 'बू'चा उकार शेपटासारखा लांब ओढलेला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या गाडीवर नाव लिहिलं नव्हतं. म्हणाले, "तितला मेस्त्री गाडी उचलंल तवा त्याला कळाया पायजे, ह्ये काम कुणाचं हाय."

दुसऱ्या दिवशी हार, नारळ, गल्लीतल्या बायकांनी ओवाळणं. अण्णांकडून मी जहाजाचे कागद म्हणून सह्या घेतल्या. न वाचता सही करू नका, असं पोरांना जन्मभर सांगणाऱ्या माणसानं मी दाखवीन तिथं सही केली — ते गाडी विकल्याचे कागद होते. मग मी गाडी मुंबईला म्हणून काढली आणि उचगावला एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देऊन आलो. हार अलीकडंच उतरवून रस्त्याकडेला टाकला होता.

पुढचं वर्षभर मी फोनवर असा रंगलो की विचारू नका. जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीत अडकलं. पुढं वादळ लागलं, गाडीच्या काचेवर मिठाचा थर बसला. अण्णा ॲटलासवर ठिपके देत गेले. तिथं मी एक दुसरीच निळी गाडी घेतली आणि कोपऱ्यातून, झाडाच्या सावलीत तिचे फोटो काढून पाठवले. अण्णा म्हणाले, "रंग उजळला तिथल्या हवेनं." मेस्त्रींनी अण्णांच्या फोनमध्ये डोकं घालून विचारलं, "बंपर येगळा दिसतोय?" मी म्हणालो, इथल्या नियमानं बदलावा लागला. तिथं नियम कडक असतात, हे मेस्त्रींना मीच सांगितलं होतं ना? पटलं त्यांना.

आता ते सांगतो, ज्यासाठी तुम्हाला जवळ बोलावलं. दोनदा लिहून खोडलंय.

दुसऱ्या वर्षी मेस्त्री पाहुण्यांकडं कुरुंदवाडला गेले होते. तिथल्या एका ओळखीच्या गॅरेजात चहाला थांबले. खड्ड्यावर एक निळी गाडी उभी होती. सवयीनं खाली उतरले, वर बघितलं — आणि त्यांना स्वतःचं नाव दिसलं.

तिथून मिळेल त्या एसटीनं ते थेट आमच्या घरी आले. अण्णांनी मला व्हिडिओ कॉल लावला. एवढ्याशा पडद्यात दोन म्हातारी तोंडं. मेस्त्री चिडलेले नव्हते, हे नीट ऐका. ते घाबरले होते, आणि माझ्यासाठी. "सुधीर, तुला फसीवलंय रं कुणीतरी! बंदरावर गाडी बदलली बघ तुझी! आपली गाडी हितं कुरुंदवाडात हाय, नंबर त्योच हाय, माझं नाव हाय खाली!"

बघा, त्या माणसानं मला वाटसुद्धा काढून दिली होती. हो मेस्त्री, फसवलं मला, एवढं जरी म्हणालो असतो तर तीही थापच झाली असती, पण तिनं कुणाचं काही गेलं नसतं. पण मग माझे फोटो? माझी वादळं? वर्षभर मन लावून ऐकणारे माझे श्रोते — आणि त्यांच्यासमोर मी मूर्ख ठरायचं?

मी हसलो. म्हणालो, "मेस्त्री, गाडी माझ्या दारात उभी आहे. गाडी देशाबाहेर गेली की जुना नंबर दुसऱ्याला देतात. आणि तुमचं नाव कालच बघितलं की मी, खाली वाकून." हे एका दमात सुचलं. नंबरची ती थाप तर मला आवडलीसुद्धा. मग मी आवाज उतरवला. सत्काराच्या शेवटी, डोळे भरून यावेत म्हणून उतरवतो ना, तसा. आणि म्हणालो, "अण्णा, मेस्त्रींचं वय झालंय. या वयात असे भास होतात. संजयला म्हणावं, जरा लक्ष ठेव."

फोन स्पीकरवर होता. पडद्याच्या कडेला मेस्त्रींचा अर्धाच चेहरा दिसत होता. तो हळूहळू मागं सरकला आणि दिसेनासा झाला.

अण्णांनी संजयला सांगितलं. अण्णा खोटं बोलत नाहीत, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. परदेशातला मुलगा सांगतोय, मास्तर सांगताहेत, फोटो आहेत. कुरुंदवाडला जाऊन बघायला कुणाला वेळ होता? आणि भास होणाऱ्या माणसाच्या हातात ब्रेकचं काम कसं द्यायचं? संजय वाईट मुलगा नाही. त्यानं हळूहळू, मायेनं बापाच्या हातातले पाने काढून घेतले. गॅरेजच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची टाकली. "बाबा, लई केलं, आता बसा निवांत." अण्णांचं बाकावर जाणं कमी होत गेलं. मला म्हणायचे, "बाबू सारखं तेच तेच बोलतो रे. बघवत नाही."

पुढच्या डिसेंबरात मी आलो, तेव्हा मेस्त्री त्या खुर्चीत होते. हात मांडीवर ठेवलेले, स्वच्छ धुतलेले. त्यांचे स्वच्छ हात मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला बघून हसले. इकडंतिकडंचं झालं. मग आत संजय ऐकत नाही ना, हे बघून त्यांनी विचारलं, "गाडी हाय न्हवं तुझ्याकडं?"

"हाय की, मेस्त्री."

"नाव दिसतंय खाली?"

"दिसतंय."

त्यांनी मान हलवली. मग लाजत, "तितल्या मेस्त्रीनं वाचलं का रं? त्याला मराठी कुठलं येतंय म्हणा."

आणि मी, बघा ना, तिथंसुद्धा रंगलो. म्हणालो, "त्यानं मला विचारलं, ही कुठली भाषा? मी वाचून दाखवलं. दोनदा म्हणायला लावलं त्यानं. बाबू मेस्त्री, बाबू मेस्त्री, असं घोकत बसला!"

मेस्त्री खूप हसले. मग आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "मग झालं. मलाच भास झालता."

दुसऱ्या दिवशी मी भाड्याची गाडी काढून एकटाच कुरुंदवाडला गेलो. का गेलो, माहीत नाही. गॅरेज सापडलं, गाडीचा मालक सापडला. एक भला शेतकरी, म्हणाला, "बघा की पावणं, काय खाणार हाय काय गाडीला?" मी रस्त्यावर पाठीवर झोपून गाडीखाली सरकलो. पिवळी अक्षरं होती. उकाराचं शेपूट होतं. त्यांच्यावर कृष्णाकाठची नवी माती बसली होती. ती मी बोटानं पुसली आणि फोटो काढला.

परतीच्या वाटेवर तो फोटो माझ्या खिशात होता. गल्लीच्या तोंडाशी मेस्त्री खुर्चीत बसलेले. संजय आत कुणाच्या तरी इंजिनात डोकं घालून उभा. मला फक्त ब्रेक दाबायचा होता. मेस्त्रींनी हात केला. मीही काचेतून हात केला. आणि गाडी घराकडं वळवली.

पुढच्या पावसाळ्यात मेस्त्री गेले. फोनवर अण्णा म्हणाले, "बाबूसारखा हात होणार नाही. शेवटी डोकं जागेवर राहिलं नाही, एवढंच वाईट वाटतं." मी हं म्हणालो.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. दर रविवारी विचारतात, गाडीचं ऑइल बदललंस का? मी सांगतो, बदललं.

फोटो अजून फोनमध्ये आहे. अक्षरं स्वच्छ वाचता येतात.